गोल जिन्याच्या बिल्डिंगची लाईट

वायरमनच्या पिशवीत पक्कड, टेस्टर आणि टेप असतं हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच पिशवीत किस्से पण साठत जातात, हे कुणाच्या लक्षात येत नाही. माणसं डॉक्टरपासून लपवतील, वकिलापासून लपवतील, पण वायरमन आला की थेट आतल्या खोलीत नेऊन कपाटामागचं तुटकं बटण दाखवतील. तीस वर्षं मी हेच बघतोय. जुन्नर आणि आंबेगाव, दोन तालुक्यांत कुणाच्या देव्हाऱ्यामागं उघडी वायर आहे ते मला तोंडपाठ आहे. सगळं सांगत बसलो तर चहाचं पातेलं तीनदा चढवावं लागेल, म्हणून एकाच बिल्डिंगचं सांगतो.

मी संपत. गाव येडगाव, दुकान नारायणगावात. माझा पार्टनर निवृत्ती, आण्याच्या पठारावरचा. लोक म्हणतात संपत बोलतो आणि निवृत्ती काम करतो. हे साफ खोटं आहे. निवृत्ती पण बोलतो. दिवसातून दोनदा बोलतो आणि दोन्ही वेळा माझ्या विरुद्ध बोलतो.

बिल्डिंग घोडेगावातली, भीमाशंकरच्या रस्त्याला. बाहेरून सिमेंटचा गोल जिना आहे म्हणून तिला सगळे गोल जिन्याची बिल्डिंगच म्हणतात. खाली कापडदुकान, झेरॉक्स, मेडिकल, हॉटेल आणि मागच्या अंगाला तारामावशीची पिठाची गिरणी. वर दातांचा दवाखाना, कॉम्प्युटर क्लास, टेलर. वायरिंग सत्तावीस वर्षांपूर्वीचं. तेव्हा एका गाळ्यात एक ट्यूब आणि एक पंखा असायचा. आता फ्रीज आले, एसी आले, झेरॉक्सची मशिनं आली, पण वायर तीच. दुपारी भिंतीला हात लावला तर वायर कुठून गेलीय ते हाताला कळायचं, एवढी भिंत तापायची.

गाळेवाल्यांचे अध्यक्ष बाबूशेठ, कापडदुकानवाले. त्यांनी आम्हाला बोलावलं आणि सांगितलं, सगळं नवं करा, थ्री फेजचं मोठं पॅनल बसवा, पण धंदा एक तासही बंद राहता कामा नये. निवृत्ती म्हणाला, "मग ह्या संपतकडून तोंडानंच करून घ्या." त्याचं त्या दिवसाचं पहिलं बोलणं तिथं संपलं.

*

पहिलं काम म्हणजे कुठला फ्यूज कुणाचा ते शोधणं. जुन्या बोर्डावर चिनीमातीचे बारा फ्यूज, आणि एकावरही नाव नाही. मी एकेक फ्यूज उपसायचा आणि ओरडायचं, "कुणाची गेली?" मग ज्याची गेली तो आतून ओरडायचा. झेरॉक्सवाल्याची गेली, मेडिकलची गेली, टेलरची गेली. सगळं व्यवस्थित चाललं होतं.

नववा फ्यूज उपसला. कुणीच ओरडलं नाही. परत विचारलं. सगळे म्हणाले आमची चालू आहे. निवृत्ती वरपर्यंत जाऊन सगळ्या खोल्या बघून आला. सगळीकडं उजेड. म्हटलं, मेलेली लाईन असेल, टाकू काढून.

तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडच्या घरातून एक आजी ओल्या हातानं बाहेर आल्या आणि आमच्याकडं बघून म्हणाल्या, "का रं भाऊ, मिक्सर का बंद पाडला?"

चौकशी केली. आजींच्या घरी पूर्वी मुलीचं लग्न निघालं होतं. मांडवाला लाईट पाहिजे म्हणून समोरच्या बिल्डिंगमधून दोन दिवसांपुरती वायर ओढली. लग्न झालं, मांडव निघाला, वायर राहिली. मी विचारलं, लग्नाला किती दिवस झाले? आजींनी हिशेब घातला आणि सांगितलं की त्या मुलीचा मुलगा यंदा कॉलेजला गेला.

बाबूशेठांनी आजींना काही म्हटलं नाही. त्या लग्नात ते स्वतः जेवले होते. आजींना त्यांच्या मीटरवरून नवी लाईन ओढून दिली आणि नववा फ्यूज बंद केला.

*

मग प्रश्न आला लाईट कधी बंद करायची. जुनं काढून नवं जोडायला एक अख्खा दिवस पाहिजे. हॉटेलवाला म्हणाला, सोमवार नको, भीमाशंकरला जाणारे भाविक चहाला थांबतात. झेरॉक्सवाला म्हणाला, कोर्टाचे दिवस नकोत. दातांचे डॉक्टर म्हणाले, शुक्रवारी पेशंटला बोलावलंय. टेलर म्हणाला, लग्नसराई संपू दे. कॉम्प्युटर क्लासवाल्या मॅडमच्या परीक्षा. असं करत आठवड्याचे सातही दिवस गेले.

निवृत्ती रोज सकाळी फोन करून घोडेगावात कुणी गेलंय का ते विचारायला लागला. कुणी मोठं माणूस गेलं की बाजारपेठ बंद राहते, तेवढ्यात उरकून घेऊ, असा त्याचा विचार. मी त्याला म्हटलं, लाज वाटू दे. तो म्हणाला, मी काही मारायला सांगत नाही, नुसती चौकशी करतोय. आणि त्या महिन्यात घोडेगावात कुणालाच काही झालं नाही.

शेवटी अमावस्या सापडली. अमावस्येला गिऱ्हाईक नसतं, नवं कापड कुणी घेत नाही, दाढ पण कुणी काढत नाही. सगळे तयार झाले. पण बाबूशेठ म्हणाले, "अमावस्येला नवं काम सुरू करायचं? माझ्या बिल्डिंगीत चालणार नाही."

एक दिवस त्यांची समजूत घालण्यात गेला. मग मीच तोड काढली. चतुर्दशीला सकाळी जाऊन नव्या पॅनलचा एक स्क्रू भिंतीत बसवला. नारळ फोडला, पेढे वाटले. म्हटलं, शेठ, काम आज सुरू झालं, उद्या नुसतं चालू राहील. बाबूशेठांनी स्क्रू हलवून बघितला आणि परवानगी दिली.

*

जुना मेन स्विच काढायचा दिवस. सत्तावीस दसरे त्या स्विचची पूजा झालेली. हळद-कुंकवाचा थर एवढा की चालू-बंदची अक्षरं कुणी पाहिलेली नव्हती. आम्ही अंदाजानं खाली म्हणजे बंद असं धरायचो. मी पाना लावणार तेवढ्यात बाबूशेठ ताट घेऊन आले. म्हणाले, इतकी वर्षं सांभाळलं त्यानं, असाच कसा काढता, निरोप देऊ द्या.

मी म्हटलं, द्या, पण वीज बोर्डाचा माणूस खांबावरची लाईन बंद करायला चढलाय, तो खाली उतरेपर्यंत थांबा. ते मान हलवून हो म्हणाले. मी पाठ फिरवली, आणि मागून नारळ फुटल्याचा आवाज आला. पाठोपाठ दुसरा आवाज आला, तो नारळाचा नव्हता. धूर निघाला आणि सगळी बिल्डिंग काळोखात गेली. नारळाचं पाणी थेट स्विचच्या फटीत गेलं होतं.

मी पळत आलो. बाबूशेठ हात जोडून उभे होते, भुवया थोड्या जळालेल्या. माझ्याकडं न बघता म्हणाले, "स्वतःहून गेला. काढायची वेळ आली नाही."

तो स्विच त्यांनी भंगारात घालू दिला नाही. आजही कापडदुकानात गल्ल्याच्या वरच्या फळीवर आहे आणि दसऱ्याला त्याला फूल मिळतं.

*

आता जरा माझ्या फुशारकीचं सांगतो, ते पुढं लागणार आहे.

बिल्डिंगचं खालच्या मजल्याचं मूळ वायरिंग आमच्या उस्तादांनी केलेलं. मी तेव्हा त्यांच्या हाताखाली होतो. त्या काळात मला खोड होती. काम झालं की लाकडी पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुताराच्या पेन्सिलीनं लिहायचो: संपत वायरमन, काम पक्कं. उस्ताद चिडायचे, म्हणायचे तुझं नाव कोण वाचणार आहे तिथं. पण मी लिहायचोच.

झेरॉक्सच्या गाळ्यातली पेटी उघडली आणि झाकणाच्या आत तेच नाव निघालं. अक्षर अगदी काल लिहिल्यासारखं. मला एवढा आनंद झाला की मी ते झाकण घेऊन गाळ्या-गाळ्यात फिरलो. बाबूशेठांना दाखवलं, हॉटेलात दाखवलं, मागं गिरणीत जाऊन तारामावशीला दाखवलं.

तारामावशी डिंभे धरणाच्या वरच्या डोंगरातली. नवरा गेल्यावर गिरणी तिनं एकटीनं चालवली. शाळेत गेलेली नाही. दळणाच्या डब्यांवर बाया नावं लिहून आणतात, ती बघून बघून अक्षरं जोडायला शिकली. तिनं झाकण उजेडाला धरलं आणि एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं. वाचून झाल्यावर म्हणाली, "अक्षर चांगलं हाये तुमचं."

मग मी सगळ्यांना एक भाषण दिलं. खालचं काम आमचं, म्हणून पक्कं. वरच्या मजल्याचं काम कुण्या शिकाऊ गाढवानं केलंय, देव जाणे. तिथं एकही वायर सरळ नाही. हे गाढव गाढव मी पुढचा महिनाभर म्हणत होतो. बाबूशेठांनाही ते पाठ झालं होतं.

*

नव्या पॅनलला अर्थिंग चांगलं लागतं. बिल्डिंगच्या मागं जुना अर्थिंगचा खड्डा असणार हे मला माहीत होतं, पण तो सापडेना. जिथं असायला पाहिजे तिथं एक शेंदूर लावलेला छोटा चौथरा होता, वर झेंडूची फुलं, अगरबत्तीची राख. हॉटेलवाल्यानं सांगितलं तो म्हसोबा आहे, जागेचा राखणदार, हात लावू नका. टेलरच्या बायकोनं तिथं नवस पण फेडलेला.

दुसरीकडं नवा खड्डा खणायचं ठरलं. त्याआधी सहज म्हणून पॅनलपाशी आलेली जुनी अर्थिंगची तार मीटरला लावली. मी डोळे चोळले. एवढं चांगलं अर्थिंग मी नव्या बिल्डिंगीत पण बघितलेलं नाही. निवृत्तीनं मीटर माझ्या हातातून घेतलं, मला बाजूला केलं आणि परत लावून बघितलं. तेच.

तार धरून धरून मागं गेलो तर ती थेट म्हसोबाच्या खाली गेलेली.

तेव्हा तारामावशी तांब्या घेऊन आली आणि नेहमीसारखं चौथऱ्यावर पाणी ओतलं. मी म्हटलं, मावशी, हा देव नाही, हा अर्थिंगचा खड्डा आहे. ती म्हणाली, "म्हाईत हाये मला. तुमच्या उस्तादानंच सांगितलं व्हतं, हितं रोज तांब्याभर पाणी घाल, कुनाला शॉक लागायचा न्हाई. शेंदूर मागनं लोकांनी लावला. म्या कशाला बोलू?"

सत्तावीस वर्षं ती रोज पाणी घालत होती, म्हणून तो खड्डा कधी कोरडा पडला नव्हता. उस्ताद जाऊन दहा वर्षं झाली. मी मीटरची वायर गुंडाळायला घेतली.

मग ती माझ्याकडं बघत म्हणाली, "तुमी तवा बारकं व्हता. त्या जिन्यात बसून माझी भाकर खाल्लीया तुमी, दोन दिस." मी म्हटलं, मावशी, दुसरा कुणी असेल. आम्ही गुरुशिष्य कायम हॉटेलात जेवायचो, आणि जिन्यात बसायला मी वरच्या मजल्यावर गेलोच नव्हतो. ती बरं म्हणाली आणि तांब्या घेऊन गेली.

*

पॅनल सुरू झालं, गाळ्यांतल्या जुन्या वायरी एकेक करून नंतर बदलायच्या होत्या, आणि खरा ताप सुरू झाला.

नव्या पॅनलमध्ये आम्ही दोन ईएलसीबी बसवले होते, एक खालच्या मजल्याचा, एक वरचा. हे यंत्र काय करतं ते साधं आहे. वायरीतून जेवढी वीज गेली तेवढीच परत आली पाहिजे. थोडी जरी कमी आली, तरी ते समजतं की कुठंतरी गळती आहे, कुणाला तरी शॉक लागतोय, आणि लाईट पाडतं. जुन्या फ्यूजला असलं काही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी साडेदहानंतर पाच-दहा मिनिटांत दोन्ही ईएलसीबी एकदम पडायला लागले. सगळी बिल्डिंग काळोखात. झेरॉक्सवाल्याचा कागद अर्धा आत, अर्धा बाहेर. डॉक्टरांच्या खुर्चीत पेशंट तोंड उघडून बसलेला.

साडेदहाला काय होतं? डोंगराकडून एसटी येते. त्या गाडीनं नाचणी, तांदूळ, गहू घेऊन बाया येतात. त्या आल्या की तारामावशी गिरणी सुरू करते. गिरणीचा घरघर आवाज सुरू झाला की लाईट जाते. सगळ्यांनी आपापल्या डोळ्यांनी बघितलं, कानांनी ऐकलं. परत लाईट चढवली की दिवसभर काही नाही, गिरणी पण चालते.

बाबूशेठांनी मीटिंग घेतली. मला विचारलं, तू सांग. आता हे मला कबूल केलं पाहिजे. मी गिरणीची मोटर मीटरनं तपासली होती आणि ती चांगली निघाली होती. पण तपासली होती दुपारी, मोटर गरम असताना. मी म्हटलं, मोटर जुनी आहे, रात्री ओल धरते, सकाळी थंड असताना गळती होत असेल, गरम झाली की बरी चालते. हे मी असं बोललो की मलाच पटलं. सकाळी साडेदहाला येऊन मोटर परत तपासायचं काम मी केलं नाही, कारण नारायणगावाहून तेवढ्या लवकर यायचा कंटाळा.

माझ्या शब्दावर ठराव झाला. आठ दिवसांत लाईट जायची थांबली नाही तर गिरणीनं गाळा सोडायचा आणि गावाबाहेरच्या शेडमध्ये जायचं. तिथं एसटी थांबत नाही. डोक्यावर पायली-दोन पायली धान्य घेऊन बाया तेवढं चालत जाणार नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे गिरणी बंदच.

तारामावशी मीटिंगला दाराशी उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "मोटर नवी आणली तर?" नव्या मोटरनं दोष जाईलच असं मी सांगू शकलो नाही. ती परत जाऊन दळायला लागली.

मी वर जाऊन परत एकदा त्या गाढवाला शिव्या दिल्या. निवृत्ती म्हणाला, "दोन्ही मजल्यांचे एकदम का पडतात? गिरणी खाली हाये." त्याचं त्या दिवसाचं दुसरं बोलणं. मी म्हटलं, तू गप.

*

सातव्या दिवशी आम्ही सकाळीच पोचलो. कंटाळा बाजूला ठेवला, कारण उद्याच्या मीटिंगमध्ये मावशीच्या तोंडाकडं बघायचं होतं. साडेदहा वाजले, गाडी आली, बाया उतरल्या. मी पॅनलपाशी उभा. गिरणीचा आवाज येईना. म्हटलं, आज उशीर दिसतोय.

आणि लाईट गेली.

हॉटेलवाला बाहेर आला आणि ओरडला, बघा, परत लावली गिरणी. झेरॉक्सवाला पण आला. तेवढ्यात मागच्या अंगानं तारामावशी आली. केसांपासून पायापर्यंत दगडाची पांढरी भुकटी, हातात छिन्नी आणि हातोडी. गिरणीचे दगड गुळगुळीत झाले की काढून त्यांना टाकी मारावी लागते, परत खरबरीत करावे लागतात. त्या दिवशी तिचे दगड सकाळपासून जमिनीवर होते.

तिनं सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि शांतपणे विचारलं, "आज कुनाची मोटर?"

हॉटेलवाला कढईकडं निघून गेला.

मी डोक्याला हात लावून जिन्यात बसलो. मग सुचलं, त्या गाडीनं फक्त दळणवाल्या बाया येतात का? निवृत्तीनं वर बोट दाखवलं. डॉक्टरांकडची सुनंदा सिस्टर पण त्याच गाडीनं येते. ती आली की चप्पल काढायच्या आधी हत्यारं उकळायच्या यंत्राचं बटण दाबते. आणि लाईट गेली की भिऊन ते बंद करते आणि भांडं गॅसवर ठेवते. म्हणून दिवसभर परत काही होत नाही.

रोज दोन बटणं एकाच वेळेला दाबली जात होती. एकाचा आवाज यायचा आणि दुसऱ्याचा यायचा नाही, एवढाच फरक.

*

आठव्या दिवशी मी सगळ्यांना जिन्यापाशी बोलावलं. बाबूशेठ, हॉटेलवाला, झेरॉक्सवाला, टेलर, डॉक्टर स्वतः. साडेदहाच्या बाया पण डबे घेऊन मागं उभ्या. मावशीला सांगितलं गिरणी बंद ठेवा आणि इथं या. वर सिस्टरला आवाज दिला, लावा यंत्र.

तिनं बटण दाबलं. दोन्ही ईएलसीबी एकदम पडले. गिरणी बंद, मावशी आमच्यासमोर उभी. बाबूशेठ मावशीकडं बघायच्या ऐवजी पॅनलकडं बघत राहिले.

आता दोष कुठं आहे ते दाखवायचं होतं. जिन्याच्या वळणावर छताला लागून एक जुनी लाकडी पेटी होती, रंगावर रंग बसून भिंतीत मुरलेली. वरच्या मजल्याची लाईन तिथून फुटणार हे नक्की होतं. गिरणीची शिडी आणली. मी वर चढलो, मावशीनं शिडी धरली. स्क्रू गंजलेले, जोर लावून काढले. झाकण निघालं ते न बघताच खाली मावशीच्या हातात दिलं, कारण माझं लक्ष वायरींकडं होतं.

दोष समोरच होता. डॉक्टरांच्या त्या पॉइंटला वीज वरच्या लाईनमधून दिलेली, आणि परत जायची काळी वायर मात्र खालच्या मजल्याच्या लाईनला बांधलेली. वायर कमी पडली असेल, जवळ जी सापडली तिला जोडून टाकलं. जुन्या फ्यूजना सत्तावीस वर्षं पत्ता नाही. पण नव्या यंत्रांचा हिशेब रोज चुकायचा. वरचं म्हणायचं माझी वीज परत आली नाही, खालचं म्हणायचं ही जादा कुठून आली, आणि दोन्ही एकदम पडायची.

मी वरूनच सगळ्यांना हे समजावून सांगितलं. बाबूशेठ लालबुंद झाले. म्हणाले, "कुणी केलं हे? नाव काढ त्याचं. या तालुक्यात त्याला परत पक्कड धरू देणार नाही. बिचाऱ्या मावशीला आम्ही आठ दिवस काय काय बोललो."

सवयीनं माझ्या तोंडातून निघालंच, "असेल कुणीतरी शिकाऊ गाढव."

बोललो आणि जॉइंट सोडायला हात घातला. वायरीला तीन पीळ, मग टोक उलटं दुमडून परत एक पीळ, मग टेप. माझा हात तिथंच थांबला. असा जॉइंट या भागात दोनच माणसं मारायची. एक आमचे उस्ताद, आणि उस्तादांचे गुडघे असे होते की ते कधी जिना चढले नाहीत.

मग एकेक आठवायला लागलं. उस्ताद तापानं पडलेले. दोन दिवस मी एकटाच आलेलो. वायरीचं बंडल संपलेलं. आणि या जिन्यात बसून खाल्लेली नाचणीची भाकर.

मी खाली बघितलं. मावशीच्या हातात झाकण होतं, आतली बाजू तिच्याकडं. बोट झाकणावर होतं आणि ओठ हळूहळू हलत होते. वाचून झालं तसं तिनं वर माझ्याकडं बघितलं. ती दचकलेली नव्हती.

बाबूशेठ म्हणाले, "मावशी, काही लिहिलंय का त्यावर?"

मावशी म्हणाली, "काय न्हाई. कोळिष्टक हाये." आणि तिनं पदर हातात घेऊन झाकण पुसायला घेतलं.

"मावशी, राहू द्या," मी म्हणालो. शिडीवरून उतरलो, तिच्या हातातून झाकण घेतलं आणि बाबूशेठांच्या हातात दिलं.

बाबूशेठांनी चष्मा वर केला आणि मोठ्यानं वाचलं. निवृत्तीची त्या दिवसाची दोन्ही बोलणी शिल्लक होती, ती त्यानं खर्च केली नाहीत.

मावशीनं शिडी भिंतीला लावून ठेवली, पदर झटकला आणि म्हणाली, "बाबूशेठ, गाडीच्या बाया खोळंबल्यात. लावू का गिरणी?"